दरोडेखोर, चार भिक्षू आणि आमची आत्या

माणसानं दुसऱ्यावर दया करावी हे मला इयत्ता दुसरीपासून माहीत आहे. त्या वर्षी आम्हाला 'भूतदया' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितलं होतं, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी भुतांना घाबरू नये, त्यांना प्रेमानं वागवावं, असं मोठ्या मनानं लिहिलं होतं. पुढं इयत्ता वाढल्या तसा विषयही वाढला. पंख तुटलेला पक्षी, तहानेला कुत्रा, थंडीत कुडकुडणारा भिकारी, रस्ता ओलांडू पाहणारी आजी असे अनेकजण क्रमाक्रमानं आमच्या निबंधांत आले आणि आमची दया घेऊन गेले. (ती आजी तर इतक्या मुलांनी इतक्या वेळा पलीकडं नेली की तिला नेमकं कुठं जायचं होतं हे विचारायचं राहूनच गेलं.) एक गिऱ्हाईक मात्र त्या यादीत कधी आलं नाही. ते म्हणजे निबंध लिहिणारा मुलगा. त्याची एक वेलांटी चुकली की हातावर छडी बसायची, आणि छडी खाऊन झाल्यावर 'तुझीच चूक, भोग आता' असं तो स्वतःच स्वतःला सांगायचा. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या कपबश्या घरातल्या माणसांनी वापरायच्या नसतात, तसंच दयेचं असावं, असा आमचा समज पक्का झाला.

आपल्या भाषेचा कारभारही तसाच आहे. दुसऱ्याशी चांगला वागणारा माणूस कनवाळू, मायाळू, परोपकारी, देवमाणूस. तोच स्वतःशी जरा चांगला वागला की ऐदी, सुखासीन, आपलपोटा. बाईनं दुपारी अर्धा तास पाठ टेकली तर ते थेर, आणि दुखणाऱ्या गुडघ्याला शेक घेतला तर ते चोचले. उलट स्वतःला शिव्या द्यायच्या झाल्या तर मराठी माणसाला शब्द कमी पडत नाहीत. 'माझ्या मेलीचं लक्षच नव्हतं', 'मी एक गाढव', 'जळ्ळं माझं डोकं', 'माझ्यासारखा मूर्ख शोधून सापडायचा नाही'. यातला एखादा शब्द शेजाऱ्यानं वापरला तर अब्रुनुकसानीपर्यंत गोष्ट जाईल. आपण मात्र तेच शब्द दिवसातून दहा वेळा स्वतःला ऐकवतो आणि वर मान खाली घालून ऐकूनही घेतो. अलीकडं 'आत्मकरुणा' असा एक शब्द मासिकांतून दिसतो. पण आत्मपरीक्षण, आत्मनिंदा, आत्मक्लेश अशा बड्या भाऊबंदांत तो नव्या जावयासारखा अवघडून बसलेला असतो. त्याला अजून कुणी चहासुद्धा विचारत नाही.

हे सगळं मनात यायचं कारण आमची आत्या. पुण्याहून सोलापूरकडं निघालं की भिगवण मागं पडल्यावर आणि इंदापूर यायच्या आधी लोणी देवकर लागतं. लागतं म्हणजे, एसटीतला माणूस जागा असेल तर लागतं. रस्ता आता चारपदरी झाला, गावाशेजारी एमआयडीसी आली, आणि एका अंगाला उजनीचं पाणी पसरलेलं आहे. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला त्या पाण्यावर रोहित पक्षी येतात आणि त्यांना बघायला गळ्यात दुर्बिणी अडकवून पुण्याचे लोक येतात. आमची आत्या या गावात गेली कित्येक वर्षं राहते आणि तिनं आजवर एकही रोहित पक्षी बघितलेला नाही. "त्यांना बघायला जाऊ कधी? आलेल्याला भाकरी कोण घालंल?" असं तिचं म्हणणं.

तिच्या सासरचं जुनं घर भीमेकाठी होतं. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं आणि ते घर पाण्यात गेलं. घरं हलवायच्या दिवसांत आत्या शेजारणींच्या उतरंडी, पेट्या, कणग्या उचलू लागत होती. या सगळ्या गडबडीत तिचं स्वतःचं जातं मागं राहिलं, ते अजून पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं आणि ते बघायला माणसं लोटतात. देवळाची गोष्ट निघाली की आत्याला आठवतं ते जातं. "सगळ्या गावाचं आठीवलं आन आपलं इसरलं. माझ्यासारखी येडी मीच," म्हणते. ज्यांच्या उतरंडी तिनं उचलल्या त्यांच्या घरात कुणी तिला वेडी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. हा मान तिनं स्वतःच घेतला आहे.

एकदा मी तिच्याकडं असताना नातसुनेच्या हातून तेलाची किटली पडली. चांगलं दोन किलो तेल. पोर घाबरून रडवेली झाली. आत्या चुलीपुढून उठली, तिच्या पायाला कुठं लागलं का ते बघितलं आणि म्हणाली, "आगं, त्येल हाय त्ये. सांडायचंच. त्याच्यापायी कुणी रडतं का?" मग चिमूटभर राखेनं फरशी पुसता पुसता तिनं तेल सांडणं ही कशी जगरहाटी आहे आणि पूर्वी कुणाकुणाच्या हातून किती सांडलं होतं याची हकीकत सांगून पोरीला हसवलं. दुसऱ्या दिवशी आत्याच्या हातून ताकाचा तांब्या लवंडला. ताकाचा! त्याची किंमत तेलाच्या शंभराव्या हिश्शाइतकीही नव्हती. पण आत्या दिवसभर स्वतःला बोलत होती. "डोळं फुटलं व्हतं का? हात मोडलं व्हतं का? म्हातारी झाली, कशाला जगती कुणास ठावं." संध्याकाळी देवापुढं दिवा लावतानासुद्धा तिनं ताकाचा विषय काढला. त्या ताकाला जेवढे अपशब्द मिळाले तेवढ्यात एखादी ग्रामपंचायतीची निवडणूक पार पडली असती.

प्रकृतीचंही तेच. गाईला खुराक वेळेवर. शेळीनं एक दिवस पाला तोंडात धरला नाही तर इंदापूरहून जनावरांचा डॉक्टर बोलावला. स्वतःची रक्तदाबाची गोळी मात्र "ऱ्हाऊ दे, उद्या घीन." गुडघा दोन वर्षं दुखतो आहे. गुडघा जर शेळीचा असता तर त्याच्यावर केव्हाच इलाज झाला असता.

याच्या दुसऱ्या टोकाला असलेले लोकही मी पाहिले आहेत. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ स्वतःला इतके जपतात की त्यांना जपण्यातच घरातली बाकीची चार माणसं थकून गेली आहेत. जिना चढताना पिशव्या बायकोच्या हातात, कारण यांची कंबर नाजूक. पण मला वाटतं, या गृहस्थांना आपण उगीच 'स्वतःवर दया करणारे' म्हणतो. ते स्वतःवर दया करत नाहीत, ती करायचं काम त्यांनी इतरांना दिलेलं आहे. त्यांच्यावर शब्द खर्चण्यात अर्थ नाही. माझा प्रश्न आत्यासारख्यांचा आहे. जिच्या घरी कुणी उपाशी परत गेलं नाही, तिनं स्वतःलाच का म्हणून पंक्तीतून उठवावं?

आता या विषयात परदेशी पंडितांनी हात घातला नसता तर नवल. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ नावाच्या बाईंनी २००३ साली स्वतःवरची दया मोजायची एक मोजपट्टीच तयार केली. त्यांचं म्हणणं साधं आहे. चूक झाली, अपयश आलं, तर आपण स्वतःशी मायेनं बोलावं. असं सगळ्याच माणसांचं होतं, आपण काही जगावेगळे करंटे नाही, हे ध्यानात ठेवावं. आणि दुःख डोक्यावर घेऊन नाचू नये, तसं गादीखाली दडपूनही ठेवू नये. वाचून मला वाटलं, या बाईंनी आत्याला तेल पुसताना पाहिलं असावं. नेमकं हेच सगळं ती त्या पोरीला म्हणाली होती. फक्त ताकाच्या वेळी तिला ते आठवलं नाही.

यावर आपल्याकडचा ठरलेला आक्षेप असा, की माणूस स्वतःशी गोड वागायला लागला की आळसावतो. चाबूक ठेवला तरच बैल चालतो. हाही प्रश्न त्या लोकांनी सोडला नाही. कॅलिफोर्नियात बर्कलीला दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक अवघड शब्दांची परीक्षा दिली, बरेचजण सडकून आपटतील अशी. मग काही मुलांना सांगितलं की परीक्षा अवघडच होती, अनेकांना जड गेली, स्वतःला फार बोलून घेऊ नका. हा प्रयोग २०१२ साली छापून आला. ज्यांना ही मायेची वाक्यं ऐकवली होती ती मुलं दुसऱ्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यासाला बसली. आमच्या शाळेतल्या छडीच्या कारकिर्दीवर यातून जो प्रकाश पडतो त्याबद्दल मी अधिक काही लिहीत नाही. आमचे गुरुजी आता हयात नाहीत.

पण मला खरा दचका बसला तो हॉलंडमधल्या संशोधकांचं २०१८ सालचं म्हणणं वाचून. त्यांनी तिथल्या साध्यासुध्या लोकांकडून प्रश्न भरून घेतले आणि बघितलं, की दुसऱ्यावर दया करणारी माणसं स्वतःवरही करतात का? तर दोन्हींचा एकमेकांशी काही संबंधच लागेना. एखाद्याकडं पहिली भरपूर आणि दुसरीचा ठणठणाट, एखाद्याकडं उलटं. आणि माणसाचं मन ठीक असणं, उदास नसणं, याचा धागा जास्त करून स्वतःवरच्या दयेशी जुळत होता. त्याआधी २०१५ साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली होती, त्यात स्वतःवरच्या दयेत बायकांचा आकडा पुरुषांपेक्षा किंचित कमी भरला. किंचितच. आत्या त्या मोजदादीत नव्हती म्हणून.

मी इतकी वर्षं समजत होतो की माया ही एकच विहीर असते, तिला पाणी असलं की ते सगळ्या वाफ्यांना मिळतं. आमच्या इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्यानं मला हसून सांगितलं असतं, की पाणी असणं वेगळं आणि पोचणं वेगळं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामतीकडून इंदापूर तालुक्यात येतं. कालव्याच्या अगदी शेवटाला ज्याचं रान, त्याला टेलचा शेतकरी म्हणतात. आवर्तन सुटतं, वर्तमानपत्रात बातमी येते, वरच्या अंगाचा ऊस तरारतो, आणि टेलवाल्याच्या बांधाशी पाणी येतं न येतं तोवर आवर्तन बंद व्हायची वेळ होते. पाणी नव्हतं असं कुणी म्हणू शकत नाही. त्याच्या रानापर्यंत आलं नाही इतकंच. म्हणून 'आधी टेलला द्या' ही मागणी जुनी आहे. आमची आत्या स्वतःच्याच कालव्याच्या टेलला राहते.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं असं दिसतं. कोसलचा राजा प्रसेनजित आणि त्याची राणी मल्लिका यांची एक गोष्ट पाली ग्रंथांत आहे. राजवाड्याच्या वरच्या मजल्यावर दोघं निवांत बसलेली असताना राजानं राणीला विचारलं, की तुला स्वतःपेक्षा अधिक प्रिय असं कुणी आहे का? राजाची काय अपेक्षा होती ते सांगायला नको. (आपल्याकडं नवऱ्यानं हा प्रश्न काढला तर बायको आधी विचारेल, "काय पाहिजे?") मल्लिका सरळ म्हणाली, नाही महाराज, मला स्वतःपेक्षा प्रिय कुणी नाही, आणि तुम्हाला? राजानं विचार केला. तोही प्रामाणिक, त्यालाही 'नाही' म्हणावं लागलं. एवढ्यावर घरोघरी अबोला सुरू झाला असता. प्रसेनजित उठून बुद्धाकडं गेला. बुद्धानं राणीला रागावण्याचं काही कारण त्याला दिलं नाही. साऱ्या दिशा शोधल्या तरी स्वतःहून प्रिय असा कुणी सापडत नाही हे खरंच आहे, आणि तसाच दुसऱ्यालाही त्याचा जीव प्रिय आहे, म्हणून ज्याला स्वतःचा जीव प्रिय आहे त्यानं दुसऱ्याला दुखवू नये, असा त्यातून त्यानं अर्थ काढला. म्हणजे आपल्या जिवाची माया हा त्याच्या लेखी दोष नव्हता. दुसऱ्याचं दुःख मापायचं मापच ते. घरातलं मापटं फुटकं असेल तर बाजारात काय मोजणार?

पुढं पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष नावाच्या पंडितानं 'विसुद्धिमग्ग' हा मोठा ग्रंथ लिहिला. मैत्रीची भावना कशी वाढवावी याची त्यात पायरीपायरीनं रीत दिली आहे, आणि पहिली पायरी कोणती, तर आपण स्वतः. मला सुख हवं, दुःख नको, इथून सुरुवात. मग आवडतं माणूस, मग ना आवडतं ना नावडतं, आणि शेवटी वैरी. ही मैत्री पुरी झाली की नाही हे कसं ओळखायचं, याची त्यानं एक परीक्षा सांगितली आहे. समजा, चार भिक्षू एके ठिकाणी बसले आहेत. एक तुम्ही, एक तुमचा जिवलग, एक तिऱ्हाईत आणि एक तुमचा वैरी. तिथं दरोडेखोर आले आणि म्हणाले, यांतला एक आम्हाला द्या, आम्हाला बळी द्यायचा आहे. तुम्ही काय म्हणाल?

वैऱ्याकडं बोट केलं तर नापास, हे उघड आहे. तिऱ्हाइताला पुढं केलं तरी नापास. पण "मला न्या, या तिघांना सोडा" असं म्हटलं तर? आपल्या साऱ्या शाळांत याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते, वर प्रार्थनेच्या वेळी सत्कार झाला असता. बुद्धघोष म्हणतो, नापास! चौघांमधली भिंत अजून उभीच आहे. तुम्ही फक्त स्वतःला तिच्या बाहेरच्या अंगाला ठेवलंत. या चौघांपैकी द्यावा असा एकही ज्याला दिसत नाही, तो पास.

हे वाचल्यावर मला राहवेना. पुढच्या खेपेला लोणी देवकरला गेलो तेव्हा मी आत्याला ही गोष्ट सांगितली. भिक्षूंच्या जागी तिच्या ओळखीची माणसं घातली. जिवलग म्हणून तिचा नातू, तिऱ्हाईत म्हणून एसटीचा कंडक्टर, आणि वैरी म्हणून बांध कोरणारा शेजारी. दरोडेखोर तेवढे मूळचे ठेवले. माझा प्रश्न पुरा होण्याच्या आत ती म्हणाली, "मलाच न्या म्हनंन की! आन काय!"

"आत्या, पुस्तकात म्हटलंय की असं म्हणणारा नापास होतो."

"का? मी म्हातारी, माझं काय ऱ्हायलंय? त्या कंडक्टराची लेकरं बारकी असतील."

बिनमुलाच्या कंडक्टरचाही मी पर्याय ठेवला. तिनं तोही फेटाळला. वर म्हणाली, दरोडेखोर रात्रीचे आले असतील तर भुकेले असतील, त्यांना आधी जेवायला वाढायचं. बुद्धघोषाला ही बाई भेटली असती तर मला वाटतं त्यालाही जेवूनच जावं लागलं असतं.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट आहे, पण सगळी नाही. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी करत आषाढात इंदापूरला मुक्कामाला येते. लोणी देवकर तिच्या वाटेवर नाही, म्हणून आत्याच पालखीकडं जाते, बायकांबरोबर टेम्पोतून, भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधून. वारीत सगळेच एकमेकांना माऊली म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. सासरा सुनेच्या वयाच्या पोरीच्या पाया पडतो, मालक गड्याच्या पडतो. ही रीत ज्यानं काढली तो फार शहाणा माणूस असला पाहिजे. तुम्ही खाली वाकलात की समोरचाही वाकतो, त्यामुळे काही न कमावता, काही सिद्ध न करता, तुमच्या वाट्यालाही एक नमस्कार येतोच. पण मी आत्याला तिथं पाहिलं आहे. ती पन्नास माणसांच्या पाया पडते, आणि कुणी तिच्या पायाशी वाकलं की चटका बसल्यासारखे पाय मागं घेते. "माझ्या कशाला पडता माऊली, माझ्या नगा पडू." नमस्कार अर्धाच करते म्हणायची.

आणि हे काही एकट्या आत्याचं नाही. याच पालखीच्या वाटेनं पुढं पंढरपूरला गेलं की एका माणसाची आठवण येते. १९४७ साली १ मेपासून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून. दहाव्या दिवशी उपोषण सुटलं आणि ते दार उघडायची वाट मोकळी झाली. अंमळनेरच्या शाळेत असताना वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या झाडणं, अंथरुणं आवरणं, आजारी पोराच्या उशाशी बसणं, हे या माणसाला कमीपणाचं कधी वाटलं नाही. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं उतरून घेतली ती त्यांनीच. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली ती १९३३ साली. महाराष्ट्रातल्या तीन पिढ्यांना दुसऱ्यासाठी रडायला शिकवलं ते या माणसानं. आता त्यांचं स्वतःशी वागणं बघा. १९४८ साली गांधीजींचा खून झाला. खून करणारा दुसरा, आणि प्रायश्चित्त म्हणून २१ दिवसांचं उपोषण केलं साने गुरुजींनी. साऱ्या समाजाचं पाप त्यांनी आपल्या एकट्याच्या खात्यावर मांडलं. ११ जून १९५० रोजी, नुकती पन्नाशी ओलांडलेल्या या माणसानं आपलं आयुष्य आपल्या हातानं संपवलं.

त्या मृत्यूचं एकच कारण काढून दाखवणं हा त्यांच्यावर अन्याय होईल, आणि मी ते करणार नाही. माझ्या डोक्यात फक्त एक चित्र येत राहतं. त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्यानं, मन फार खचलंय, जगावंसं वाटत नाही, असं पत्र त्यांना टाकलं असतं तर काय झालं असतं? मिळेल त्या गाडीनं ते निघाले असते. त्या मुलाच्या उशाशी त्यांनी रात्र काढली असती, त्याला खाऊ घातलं असतं, त्याच्या कपाळावरून हात फिरवला असता. तू वाईट नाहीस, तू थकलास, एवढंच, असं काहीतरी म्हणाले असते. असा माणूस जगात होता. फक्त तो स्वतःच्या उशाशी बसायला स्वतःला मिळाला नाही.

आत्याचं जातं आणि ताक मी हसत हसत सांगितलं. तिसरी एक गोष्ट आहे, ती तिच्या यजमानांची. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. तीसेक वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, मामा रात्री उठून बसले. छातीत जळजळतंय म्हणाले. आत्यानं ओवा दिला, गरम पाणी दिलं, पाठ चोळली. "निजा, सकाळी इंदापूरला दवाखान्यात जाऊ," म्हणाली. पहाटे मामा गेले. तेव्हापासून आत्या आपल्यावर खटला चालवते आहे. फिर्यादी ती, साक्षीदार ती, न्यायाधीशही तीच. आरोपीला वकील मात्र दिलेला नाही. एरवी ती या विषयावर बोलत नाही. पण रात्री तीन वाजता उठून अंगणात बसते. मी मुक्कामाला असलो की मला ती कडी वाजलेली ऐकू येते. सून म्हणते, रोजचंच आहे.

गेल्या वर्षी आळीतल्या एका बाईचा नवरा असाच गेला. तीच रात्र म्हणावी, तीच जळजळ. ओव्याच्या जागी सोडा, एवढाच फरक. ती बाई आक्रोश करत होती, की मीच मारलं, मला कळलं कसं नाही. आत्या तेरा दिवस तिच्याजवळ होती. मी भेटायला गेलो तेव्हा ती तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि सांगत होती, "आगं, तू काय डागदर हायेस का? त्यांच्या छातीत काय चाललंय ते त्यांचं त्यांना उमगलं न्हाई, तुला कसं उमगंल? तू जवळ व्हतीस, पाठीवर हात व्हता तुझा. ह्ये काय थोडं झालं? तुझा कायबी दोस न्हाई, बाई." ती बाई हळूहळू शांत झाली. या दिवाळीत मी तिला हसताना पाहिलं.

संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. रस्त्यावरून सोलापूरच्या गाड्या जात होत्या. मी विचारलं, "आत्या, त्या बाईला तू जे सांगितलंस, ते नुसतं तिची समजूत काढायला, का खरंच?"

आत्याला राग आला. "मेल्या घरात बसून मी खोटं बोलीन व्हय? खरंच तिचा काय दोस? तूच सांग."

"काहीच नाही," मी म्हणालो. "आणि तुझा?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग पदर सावरून, गुडघ्यावर हात टेकून उठली. "दूध उतू जाईल," म्हणाली आणि आत गेली.

गवळी यायला अजून अर्धा तास होता.